समांतर आहेत हे कुठे दिलंय?

बाई, मी आता लोखंडाचे कठडे बनवते. जिन्याचे, गच्चीचे, कधी खिडकीच्या जाळ्या, कधी एखादं फाटक. इथे सगळे त्याला रेलिंगच म्हणतात, आणि मीही तेच म्हणते. सुरतेत उधन्याला आमचं पत्र्याचं शेड आहे, तिथे पाइप कापायचं मशीन आहे, वेल्डिंगचं मशीन आहे, आणि सकाळी दार उघडून आधी झाडू मारणारी मी आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "कोण, ती? फळ्याजवळ बोलावलं की पेन्सिल शोधायला बाकाखाली वाकायची ती?" तीच. काल सुरतेजवळ कामरेजला एका घराच्या जिन्याचं काम पुरं झालं. टेम्पोत पुढच्या सीटवर बसून परत येताना मला सारखं वाटत होतं की हे कुणालातरी नीट, पहिल्यापासून सांगायला पाहिजे. घरी सांगितलं. आईला फोनवर सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं, आनंदही झाला त्यांना. पण ज्या माणसाला त्यातलं सगळं कळलं असतं ते तुम्ही होतात, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा पाळण्यात असलेली माझी मुलगी आता सातवीचं गणित मागे टाकून पुढे गेली आहे.

मी गावाहून सुरतेला आले तेव्हा सहावीत होते. वडील आधीच आले होते, कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, लागले होते, मग आम्हाला घेऊन आले. गोडादऱ्याच्या ज्या गल्लीत आम्ही राहायचो तिथे सगळी खानदेशातलीच घरं. नळावर अहिराणी, ओट्यावर अहिराणी, दुकानात हिंदी, आणि महापालिकेच्या मराठी शाळेत तुमची पुस्तकातली मराठी. गुजराती माझ्या कानावर पडायची ती बसच्या पाट्यांसारखी, लांबून, न वाचता. त्यामुळे सुरतेत असूनही मी सुरतेत नव्हतेच म्हणा ना. तुम्ही भुसावळकडच्या, तुमचे मिस्टर रेल्वेत, तुम्ही क्वार्टरमध्ये राहायचात. तुमच्या साडीच्या पदरावर नेहमी खडूची पांढरी बोटं उमटलेली असायची. आमच्या आया घरी साड्यांना लेस लावायच्या, म्हणून आम्हाला प्रत्येक साडीचा भाव कळायचा आणि तुमच्या साध्या साड्यांचं आम्हाला फार नवल वाटायचं.

सातवीत तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर व्हरांड्यात नेलंत तो दिवस मला आजही दिसतो. फरशी ओली पुसून काढलेली आहे. तुम्ही खाली बसून, दोरी धरून, व्हरांड्याच्या लांबीने दोन समांतर रेषा ओढता. मग एक तिरकी रेषा, दोन्हींना कापून जाणारी. "ही छेदिका," तुम्ही म्हणता. "आता आठ कोन झाले. आठ जण पुढे या." आम्ही एकेका कोनात जाऊन उभे राहतो. मी वरच्या रेषेपाशी, माझी मैत्रीण खालच्या रेषेपाशी, दोघी आपापल्या छेदाच्या उजव्या अंगाला, वरच्या बाजूला. "संगत कोनांनी हात वर करा." आम्ही दोघी हात वर करतो. "व्युत्क्रम कोन, एकमेकांकडे बघा." दोन पोरं तिरक्या रेषेच्या दोन अंगांनी एकमेकांकडे बघून दात काढतात. "एका बाजूचे आंतरकोन, हात धरा. तुमची बेरीज किती?" "एकशे ऐंशी!" सगळा व्हरांडा ओरडतो. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले होते. गणिताच्या तासाला कुणी हसल्याचं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा तिथेच नेलंत. या वेळी रेषा आम्ही यायच्या आधीच नव्याने ओढलेल्या होत्या. तुम्ही तेच विचारलंत आणि सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.

"हे दोन कोन सारखे, बाई."

"का?"

"संगत कोन आहेत म्हणून."

"संगत आहेत, कबूल. सारखे कशावरून?"

"रेषा समांतर आहेत ना."

"समांतर आहेत हे कुठे दिलंय?"

मी खाली बघितलं. "दिसतात की, बाई."

तुम्ही खडू बाजूला ठेवलात. तुमचा आवाज चढला नाही. लाकडी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणालात, "जा, या टोकाला दोन रेषांमधलं अंतर मोज. मग त्या टोकाला जाऊन मोज." मी मोजलं. लांबच्या टोकाला त्या रेषा वीतभर जवळ आल्या होत्या. इतक्या लांबीत ते डोळ्यांना कळतच नव्हतं. सगळे हसले आणि मला रडू फुटायला आलं. तुम्ही म्हणालात, "दिसतं ते उत्तर नसतं. दिलेलं असेल तर वापरायचं. दिलेलं नसेल तर मोजायचं. दिसतं म्हणून लिहिलंस तर उद्या कुणीही काहीही दाखवेल आणि तू हो म्हणशील." त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला होता. आईने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाले. खरं तर मला तुमचा फार राग आला होता.

आपली मराठी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे जायचं तर गुजराती माध्यम, नाहीतर बस पकडून लांबची शाळा. लांबच्या शाळेला वडील नाही म्हणाले, म्हणून मी घराजवळच्या गुजराती शाळेत आठवीला बसले. पहिले काही महिने मी नुसती अक्षरं जुळवत होते. डोक्यावरची रेघ नसलेली ती अक्षरं मला उघड्या डोक्याच्या माणसांसारखी वाटायची. गणिताचा मात्र मला धीर होता, कारण आकडे ओळखीचे होते आणि आकृत्या तर जशाच्या तशा. चाचणीत समांतर रेषांचाच प्रश्न आला. मी आकृती बघितली, रेषा समांतर आहेत असं दिलेलं आहे हे दोनदा तपासलं, आणि सगळं बरोबर सोडवलं. कारणं मराठीत लिहिली, कारण दुसरे शब्द मला माहीतच नव्हते. संगत कोन. व्युत्क्रम कोन. पेपर परत आला तेव्हा त्या प्रश्नाभोवती लाल गोल होता आणि गुण नव्हते. सर माझ्या बाकाशी थांबून म्हणाले, "आ शुं लख्युं छे? मने मराठी नथी आवडतुं."

मी घरी आले, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि सांगितलं, मी आता शाळेत जाणार नाही. का, तर तिथल्या सरांना मराठी आवडत नाही. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. वडील लूमवरून आले होते, कानात अजून खटखट चालू असायची त्यांच्या, त्यामुळे ते नेहमी जरा मोठ्याने बोलायचे. ते मोठ्याने म्हणाले, राहू दे मग. घरी लेसचं काम आहेच. मला वाटलं होतं ते रागावतील, जा म्हणतील. ते तसं काहीच म्हणाले नाहीत. दोन आठवडे मी आईबरोबर साड्यांच्या गठ्ठ्यासमोर बसून लेस लावली. काम मला जमत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली होती.

आई तुम्हाला भाजीबाजारात भेटली असणार. एका रविवारी सकाळी तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात. बाहेरच्या खोलीत साड्या पसरलेल्या, बसायला जागा नव्हती. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. आई हात न थांबवता म्हणाली, "बाई, हाई पोर शाळामा जावाले नही म्हनस. तिना बाप म्हनस, ऱ्हाऊ दे, घर बठीसन लेस लावी. काय करू आते?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "काय झालं?"

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, तसाच, सरांच्या आवाजात. मने मराठी नथी आवडतुं.

तुम्ही आधी चष्मा काढून हातात घेतलात. मग तुमचे खांदे हलायला लागले. मग तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की आईने भाकरी तव्यावरच राहू दिली आणि ती काठावर करपली. मला वाटलं, तुम्हीपण मलाच हसताय. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "अगं वेडे, गुजरातीत आवडतं म्हणजे येतं! त्यांना मराठी येत नाही, एवढंच म्हणाले ते. सुरतेला आल्यावर पहिल्या वर्षी माझी शेजारीण मला म्हणाली, तुमच्यासारखी डाळ करायला मला आवडत नाही. मी महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते." आई हसायला लागली. मी हसले नाही. मी म्हणाले, "पण ते तसेच बघत होते, बाई. चेहरा तसाच होता." आणि तुम्ही हसू थांबवून, व्हरांड्यातल्याच आवाजात विचारलंत, "त्यांना तू आवडत नाहीस हे कुठे दिलंय?"

मी करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

मग तुम्ही पिशवीतून गुजराती गणिताचं पुस्तक काढलंत. कुणाकडून तरी मागून आणलं होतं. मला वाटलं, आता तुम्ही शिकवणार. तुम्ही पुस्तक दोघींच्या मध्ये ठेवून म्हणालात, "मला बोलता येतं, दुकानापुरतं. यातले शब्द मलाही येत नाहीत. चल, दोघी मिळून वाचू." बाई, तुम्हाला न येणारी गोष्ट असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही बोट ठेवून वाचत होतात, पहिलीतल्या मुलीसारखं. अ-नु-को-ण. आकृती बघून मी म्हणाले, "हे संगत कोन." यु-ग्म-को-ण. "हे व्युत्क्रम." छेदिकेपाशी आलो आणि दोघी थांबलो. छेदिका तिथे छेदिकाच होती. "बघ," तुम्ही म्हणालात, "एक तरी ओळखीची भेटली." आईने भाकरी आणि ठेचा आपल्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाई, जेवीसनच जा." तुम्ही जेवलात, ठेच्याने नाक ओढत. पुस्तकाच्या पानावर तेलाचा डाग पडला आणि तुम्ही मला म्हणालात, "हा माझा नाही, तुझाच." जाताना तुम्ही एवढंच सांगितलंत की मी तुझ्याबरोबर शाळेत येणार नाही. तू स्वतः जा आणि सरांना विचार. मला तेव्हा ते कठोर वाटलं होतं.

सोमवारी मी गेले. मधल्या सुट्टीत सर एकटे बसून चहा पीत होते. मी पेपर पुढे धरला आणि पाठ केलेलं बोलले, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी: सर, संगत म्हणजे अनुकोण. व्युत्क्रम म्हणजे युग्मकोण. सरांनी कप खाली ठेवला. पेपर वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला, माझं बोट जिथे होतं तिथे थांबत थांबत. "अरे, जवाब तो साचो छे!" ते म्हणाले. मग जरा रागावून, "तो पहेलां केम न बोली?" आधी का नाही बोललीस, म्हणजे. त्यांनी लाल गोलाशेजारी गुण लिहिले आणि मला म्हणाले की पुढच्या चाचणीपर्यंत कारणं दोन्ही भाषांत लिही, मी शिकून घेतो. त्यांनी खरंच शिकून घेतलं. वर्षअखेरीस ते वर्गात मुद्दाम "व्युत्क्रम" म्हणायचे, चुकीचं, "वित्क्रम", आणि माझ्याकडे बघायचे.

दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला दोन गुण्ये दिलेत. कंपासपेटीतले प्लॅस्टिकचे नव्हेत, लाकडाचे, मोठे, फळ्यावर वापरायचे. एक गुण्या धरून ठेवायचा आणि दुसरा त्याला लावून सरकवत गेलं की समांतर रेषा निघतात, हे तुम्ही पुन्हा करून दाखवलंत, जणू मला माहीत नव्हतं. पेढे देऊन मी वाकले तर म्हणालात, पाया नको पडू, बारावी कर. बारावी केली. मग लग्न झालं. आमचे हे तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये कारागीर होते, नंतर स्वतःचं शेड घेतलं. मुलगी झाली तेव्हा मी सासरी गावाला होते, आणि तिथेच आईचा फोन आला की तुम्ही आजारपणात गेलात. बाळंतिणीला कुठे सोडतात. मी मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिले. ती तेव्हा नुकतीच नजर स्थिर करायला शिकली होती आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती.

आता कालचं सांगते, पण त्यासाठी गेल्या वर्षीचं सांगायला लागेल. लोखंड उतरवताना एक जड अँगल, काटकोनातली लांब पट्टी, ह्यांच्या खांद्यावर आला. ऑपरेशन झालं. हात आहे, बोटं चालतात, पण खांद्याच्या वर हात जात नाही आणि वजन उचलता येत नाही. माझे दीर गावाहून आले आणि म्हणाले, शेड भाड्याने द्या आणि घरी चला, शेती बघू सगळे मिळून. चांगल्या मनानेच म्हणाले. मी म्हणाले, मी बघते. सगळ्यांना वाटलं, मी शेडवर बसून फोन घेईन. मी हातमोजे घातले. हे स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायचे. वेल्डिंगचा पहिला टाका मारला तेव्हा पाइपला भोक पडलं. दुसऱ्यालाही पडलं. "पाइपला घाबरू नकोस," हे म्हणायचे, "थांबून राहतेस म्हणून जळतं." हळूहळू हात बसला. आमच्याकडे उत्तर प्रदेशचा एक जुना कारागीर आहे, तो सुरुवातीला माझ्याकडे न बघता ह्यांच्याशीच बोलायचा. आता "भाभी, देख लो" म्हणतो.

कामरेजचं काम मी एकटीने घेतलेलं पहिलं मोठं काम. घर एका सौराष्ट्राकडच्या कुटुंबाचं, घरात एक म्हाताऱ्या बा, म्हणजे घरमालकाची आई, गुडघ्यांनी अधू, आणि रेलिंग मुख्य करून त्यांच्यासाठी. दिरांशी बोलणं झालं होतं की हे काम नीट झालं तर शेड ठेवू, बिघडलं तर बघू. "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी खालच्या मजल्याच्या जिन्याचं माप घेतलं. तुम्हाला सांगते कसं असतं ते: जिन्याच्या चढाला समांतर वरचा दांडा आणि खालची पट्टी, आणि त्यांच्यामध्ये उभ्या पाइप. दांडा तिरका, पाइप सरळ उभ्या. म्हणजे प्रत्येक पाइप ही छेदिकाच. एका पाइपचा कोन मोजला की बाकी सगळ्यांचा तोच, आणि पाइपच्या वरच्या तोंडाला जो काप, खालच्या तोंडाला तोच. संगत आणि व्युत्क्रम, दोन्ही रोज माझ्या हाताखालून जातात. खालचा जिना छान बसला. वरच्या मजल्याचा जिना बरोबर त्याच्या डोक्यावर, त्याच दिशेने जाणारा. बाहेरून बघितलं तर दोन्ही चढ एकावर एक ठेवल्यासारखे. त्याच मापाने मी वरच्याही सगळ्या पाइप कापून नेल्या.

वर पाइप बसेनात. एक कड टेकायची आणि दुसऱ्या कडेला फट राहायची. कारागीर म्हणाला, "भाभी, वेल्डिंग भर देते हैं, ऊपर से घिस देंगे. दिखेगा नहीं." मी ह्यांना फोन केला. हे म्हणाले, चढ सारखाच असतो गं, आपण नेहमी एकच माप घेतो, तुझा काप चुकला असेल. मला वाटलं खरंच माझा काप चुकला. आम्ही फटी भरल्या, घासल्या, आणि खरंच काही दिसत नव्हतं. तेवढ्यात बा जिन्यापाशी आल्या. त्यांनी दांडा धरला, शरीराचा भार टाकला आणि म्हणाल्या, "बेन, आ तो हाले छे." रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि हात काढून घेऊन भिंत धरून उभ्या राहिल्या.

मी वरच्या पायरीवर बसले. दिरांचा चेहरा आठवला, गावचं घर आठवलं, आणि मग खालचा आणि वरचा चढ नुसता बघत राहिले. समांतर दिसत होते, अगदी स्वच्छ. आणि बाई, तिथे, सिमेंटच्या धुळीत, तुमचा आवाज इतका जवळून आला की मी मागे वळून बघितलं. समांतर आहेत हे कुठे दिलंय?

कुठेच दिलेलं नव्हतं. गवंड्याने सांगितलं नव्हतं, घरमालकाने सांगितलं नव्हतं. मी धरून चालले होते. मी उठले. दोन्ही जिन्यांच्या पायऱ्यांच्या कडांना धरून पहिल्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत दोऱ्या ताणून बांधायला लावल्या. मग सगळ्यात वरून, जिन्यालगतच्या मोकळ्या जागेतून ओळंबा, दोरीला टांगलेलं वजन, खाली सोडला. त्याची दोरी आधी वरच्या दोरीला घासून गेली, मग खालच्या. दोन रेषा आणि एक छेदिका. आठ कोन हवेत लटकत होते. मी खाली जाऊन पुठ्ठ्याचा तुकडा ओळंबा आणि खालच्या दोरीच्या मध्ये धरून त्या कोनात अचूक कापला, वर आले आणि तोच पुठ्ठा वरच्या संगत कोनात धरला. बसला नाही. बोटभर मोकळी जागा राहिली. कारागीर वाकून बघत होता. तो म्हणाला, "ये तो अलग है." खालच्या मजल्याची उंची जास्त, तिथला चढ उभा, वरचा मजला बुटका, तिथला चढ लोळता. एवढंच होतं. माझा काप बरोबर होता, फक्त दुसऱ्या जिन्याचा होता.

मला आनंद झाला, बाई. काम बिघडलेलं समोर उभं होतं आणि मला हसू येत होतं. फटींत भरलेली वेल्डिंगची सगळी झाळ आम्ही कापून काढली. वरचा पुठ्ठा नव्याने कापला, त्या मापाने पाइपांची दोन्ही तोंडं पुन्हा कापली. पाइप जरा तोकड्या झाल्या, म्हणून खालची पट्टी पायरीपासून दोन बोटं वर घेतली, म्हणजे दांड्याची उंची कमी झाली नाही. काल दुपारी शेवटचा टाका मारला. बांना बोलावलं. त्यांनी एका हाताने दांडा धरला, मग दोन्ही हातांनी, मग माझ्याकडे बघत जोरात हलवला. "हवे नथी हालतुं," आता हलत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि एक एक पायरी चढत थेट गच्चीवर गेल्या. घर बांधून झाल्यापासून त्या गच्चीवर गेल्याच नव्हत्या, त्यांच्या सुनेने मला सांगितलं. आम्ही खाली सामान आवरत होतो आणि वरून त्यांचा आवाज येत होता, शेजारच्या गच्चीवरच्या कुणाशी तरी गप्पा मारत असल्याचा.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी असतो तर हाताने सावरत बसवलं असतं, मला कळलंही नसतं का बसत नाही ते." मग दिरांना त्यांनीच फोन लावला आणि म्हणाले, शेड राहू दे. मी भाकरी करत होते. मुलगी इंग्रजी शाळेत आहे, तिला मी पुठ्ठा दाखवला, ती म्हणाली, "मम्मी, हे तर करस्पाँडिंग अँगल्स." आमच्या घरात त्या एका कोनाला आता तीन नावं आहेत. तिला मी विचारलं, सारखे कधी असतात? ती पटकन म्हणाली, "लाइन्स पॅरलल असल्या तर." तिने "तर" म्हटलं, बाई. कुणी न सांगता म्हटलं. मी तिला जवळ घेतलं, तर तिला कळेना काय झालं.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुमच्या क्वार्टरमध्ये दुसरे लोक राहतात, तुमचे मिस्टर मुलाकडे गेले असं ऐकलं. लिहून झालं की कपाटात ठेवीन, किंवा नाहीच ठेवणार. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते, अजून घरी कुणाला बोलले नाही. काल सामान टेम्पोत चढवताना बांच्या शेजारच्या घरातले गृहस्थ आले. त्यांना अंगणातून गच्चीवर जाणारा गोल जिना करून हवा आहे, मधल्या खांबाभोवती फिरत जाणारा. करता का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, करते की. बाई, मला गोल जिना येत नाही. मी कधी त्याला हात लावलेला नाही, आणि त्यात सरळ चढच नाही, कुठून काय मोजायचं हेही मला ठाऊक नाही. सोमवारी मापं घ्यायला जाते म्हणून सांगून आले आहे.